डेम्लो स्थानकावरची संख्या

बोरीबंदरहून सुटणारी मध्य रेल्वेची लोकल कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही उपनगरे एकामागून एक मागे टाकीत ठाण्यास येते, आणि तेथून खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याने वाट काढीत डोंबिवलीस पोहोचते. ज्या काळी या मार्गास जी. आय. पी. रेल्वे म्हणत आणि भांडुप-मुलुंडच्या बाजूस आजच्या उंच इमारतींच्या जागी भातखाचरे व मिठागरेच दृष्टीस पडत, त्या काळी मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्थानकावर एका गणितप्रेमी गृहस्थाच्या मनात संख्यांच्या एका विलक्षण कुळाचा अभ्यास करण्याची कल्पना उद्भवली, आणि त्याने त्या कुळास स्थानकाचेच नाव देऊन टाकले. डेम्लो असे त्या स्थानकाचे नाव त्याने लिहून ठेवले आहे. आजची डोंबिवली ती हीच. तो गृहस्थ म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आमच्या उपनगरांतून रोज डोंबिवलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या लक्षावधी माणसांपैकी ज्यांना ही हकीकत ठाऊक आहे अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच निघतील, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कारण जगाच्या गणितवाङ्मयात नाव नोंदले गेलेले रेल्वे स्थानक काही प्रत्येक शहराच्या वाट्याला येत नाही.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यास आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, स्वतंत्र गणितलेखनासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. विद्यापीठाची गादी नाही, संशोधनवृत्ती नाही, सहकारी नाहीत. शाळेचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन संख्यांशी हितगुज करावे आणि जे हाती लागेल ते पदरचे पैसे खर्चून पुस्तिकारूपाने छापावे, असा त्यांचा क्रम होता. ६१७४ या संख्येने त्यांचे नाव जगभर गेले, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर तर ते परदेशांतील वाचकांनाही सुपरिचित झाले. परंतु ६१७४ ही चार अंकी, लहानशी संख्या आहे. मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या डेम्लो कुळातील सर्वांत थोर संख्येविषयी. ‘द मॅथेमॅटिक्स स्टूडंट’ या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात १९३८ साली कापरेकरांनी ज्यांना अद्भुत डेम्लो संख्या म्हटले, त्या १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत जाणाऱ्या ओळीत नवव्या स्थानी जी उभी आहे ती ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या उच्चारावयाची कशी, हाच पहिला प्रश्न. अब्जाच्या पलीकडे आपली आजची व्यवहारी भाषा अडखळते. पण भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली अठरा स्थानांची नावे घेतली तर अडचण काहीच उरत नाही. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरती: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीनशे एकवीस. परार्ध हे अठरावे आणि शेवटचे स्थान तेवढे रिकामे राहते. तेही पुढे एका गुणाकाराने भरून येणार आहे, ते ओघाने सांगेनच.

ही संख्या म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा, अर्थात १११११११११चा, वर्ग होय. ज्यास हे ऐकून खरे वाटत नसेल त्याने चौकटीची वही घ्यावी आणि शाळेत शिकविलेल्या रीतीने गुणाकार मांडावा. गुणकाचा प्रत्येक अंक एकच असल्यामुळे पाढ्यांची गरजच पडत नाही. गुण्य जसेच्या तसे नऊ वेळा लिहावयाचे आणि प्रत्येक खेपेस एक घर डावीकडे सरकवावयाचे, एवढेच काम. नऊ ओळी लिहून झाल्या की वहीवर एका बाजूस कललेली एक पट्टी दिसू लागते. आता उभ्या घरांतले एक मोजावे. सर्वांत उजव्या घरात एकच एक आहे, त्याच्या डावीकडच्या घरात दोन, त्यापुढच्यात तीन. असे वाढत वाढत नवव्या घरात नऊ ओळींचे नऊ एक एकत्र येतात, आणि तेथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे उतरत शेवटी पुन्हा एकच एक उरतो. कोणत्याही घरातील बेरीज नवाच्या वर जात नाही. म्हणून हातचा कोठेही घ्यावा लागत नाही, आणि प्रत्येक घरातील मोजणी हाच उत्तरातला अंक होतो. सातवी-आठवीच्या मुलामुलींना हा गुणाकार स्वहस्ते करावयास लावावा असे मी प्रत्येक शिक्षकास आग्रहाने सांगेन. फळ्यावर तयार उत्तर लिहून दाखविल्याने जे कौतुक वाटते ते क्षणभर टिकते, आणि स्वतः घरे मोजताना जे उमगते ते जन्मभर पुरते.

कापरेकरांच्या व्याख्येप्रमाणे डेम्लो संख्येचे तीन खंड पडतात: मधल्या खंडात एकच अंक असतो, मग तो एकदा येवो वा अनेकदा, आणि डावा व उजवा हे दोन खंड एकत्र मिळविले असता तोच अंक पुन्हा पुन्हा दिसू लागतो. १२३२१ या संख्येत १२ आणि २१ मिळून ३३ होतात आणि मध्ये ३ आहेच. आपल्या संख्येत डावा खंड १२३४५६७८ आणि उजवा ८७६५४३२१. त्यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

आता इतिहासाचा धागा थोडा मागे न्यावयास हवा. या सोपानरूप संख्यांचे आकर्षण भारतास कापरेकरांपूर्वी हजारएक वर्षे होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या राजवटीत, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितीने ‘गणितसारसंग्रह’ रचला. ज्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे कोरविले त्याच घराण्याच्या मुलखातला हा ग्रंथ, आणि म्हणून महाराष्ट्राने त्यास आपला म्हणण्यास हरकत नसावी. त्यातील गुणाकाराच्या प्रकरणात महावीराचार्यांनी असे गुणाकार मुद्दाम योजले आहेत की ज्यांचे उत्तर उजवीकडून वाचा किंवा डावीकडून, सारखेच यावे. आणि अशा उत्तरांना राजाच्या कंठातील हाराची उपमा दिली आहे. १५२२०७ला ७३ने गुणा, आठ एक ओळीने उभे राहतात. १२३४५६७९ला ९ने गुणा, नऊ एक उभे राहतात. आणि २७९९४६८१ला ४४१ने गुणिले असता येते १२३४५६५४३२१, जी एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी आहे. हे शेवटचे उदाहरण त्यांनी कसे बेतले असावे हे सहज ताडता येते: ४४१ हा २१चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१चा वर्ग, आणि ५२९१ गुणिले २१ म्हणजे सहा एक. कापरेकरांच्या ओळीतील सहावी संख्या राष्ट्रकूटांच्या दरबारी अशा प्रकारे हजर होती.

या सहाव्या संख्येचा आणखी एक विशेष आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सहा बाजूंचे दोन फासे घेऊन टाकले तर बेरीज दोन येण्याची एकच तऱ्हा, तीन येण्याच्या दोन, चार येण्याच्या तीन. अशा वाढत सात येण्याच्या सहा तऱ्हा होतात, आणि मग उतरत उतरत बारा येण्याची पुन्हा एकच. या तऱ्हा ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. महावीराचार्यांची संख्या ती हीच. फाशांच्या एकूण तऱ्हा छत्तीस, आणि या संख्येतील अंकांची बेरीजही छत्तीस. वहीतील कललेली पट्टी आणि पटावरचे फासे ही दोन्ही एकाच मोजणीची रूपे असल्यामुळे हा मेळ पडतो. आणि आपली सतरा अंकी संख्या म्हणजे एकापासून नवापर्यंतच्या कोणत्याही दोन अंकांच्या बेरजा किती तऱ्हांनी येतात त्याचा पूर्ण तपशील होय.

मग हा सोपान नवापाशीच का थांबावा? दहा एक घेऊन वर्ग करून पाहिला की कारण कळते. मधल्या घरात आता दहा एक जमतात; शून्य लिहून एक हातचा घ्यावा लागतो; तो डावीकडच्या नवात मिळून पुन्हा दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा; तो पुढच्या आठात मिळतो आणि आठाचे नऊ होऊन तेथे हातच्याचे बळ संपते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू जशीच्या तशी, डाव्या बाजूचा आठ मात्र नाहीसा. महावीराचार्यांच्या १२३४५६७९ या संख्येतही आठ नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच. एकास ८१ने भागून दशांश काढीत बसावे तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असे न संपणारे आवर्तन मिळते, आणि त्यातही आठ गैरहजर असतो. तिन्ही ठिकाणी कारण एकच: चढत्या क्रमात दहा आले, त्याचा हातचा नवात गेला, नवाचा हातचा आठात गेला, आणि आठाच्या जागी नऊ बसला. बाजारात मिळणाऱ्या गणिती गमतींच्या पुस्तकांत १२३४५६७९ या संख्येची कोष्टके मोठ्या हौसेने छापलेली असतात (१८ने गुणिले की नऊ दोन, २७ने गुणिले की नऊ तीन, इत्यादी), पण आठ कोठे गेला हे त्यांपैकी फारच थोडी सांगतात. आणि सांगण्यासारखे जे होते ते नेमके तेवढेच होते.

येथवर आपण संख्येचे बाह्यरूप पाहिले. आता तिच्या अंतरंगात शिरू. नऊ एकांच्या संख्येत तीन तीन एकांचे तीन गट पडतात, म्हणून १११ने तीस निःशेष भाग जातो आणि भागाकार १००१००१ येतो. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. यांपैकी ३, ३७ आणि ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत, त्यांचे आणखी अवयव पडत नाहीत. तेव्हा आपल्या मूळच्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो, आणि एवढ्यावर तिचे सारे अवयव संपतात. यावरून तिच्या विभाजकांची गणती करता येते: तीनाच्या पाच निवडी, सदतिसाच्या तीन, तिसऱ्याच्या तीन, एकूण ४५. विभाजकांची संख्या विषम यावी हे वर्गसंख्येचे लक्षणच आहे, कारण बाकीचे सर्व विभाजक जोडीजोडीने राहतात आणि वर्गमूळ तेवढे एकटे पडते.

अंकांची बेरीज ८१. पूर्वी मराठी शाळांतून गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहण्याची शिस्त होती, तो ताळा येथे बरोबर पडतो. पण येथे ताळ्याहून अधिक काही घडते. संख्येत ३ हा अवयव चार वेळा असल्यामुळे तीस ८१नेही निःशेष भाग जातो, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९चा वर्ग आहे. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तीस कापरेकरांनी हर्षद संख्या असे नाव दिले, आणि ते नाव आज जगभर रूढ आहे. म्हणजे डेम्लो कुळातील ही थोरली हर्षदही आहे.

कापरेकरांनी निर्माण केलेले दुसरे एक कुळ स्वयंभू संख्यांचे. कोणतीही संख्या घ्यावी, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, की नवी संख्या निर्माण होते. पहिली ही दुसरीची जननी. २१मध्ये २ आणि १ मिळविले की २४, म्हणून २१ ही २४ची जननी. पण २० अशी आहे की तीस जननीच नाही. अशा संख्या स्वयंभू, आणि देवळालीच्या नावाने त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे काय? हा शोध वाटतो तितका अवघड नाही. संख्येस नवाने भाग जात असल्यामुळे जननीच्या अंकांची बेरीजही नवाच्या पटीतच असावी लागते, आणि सतरा अंकांची बेरीज १५३च्या वर जाऊच शकत नाही. तेव्हा ९, १८, २७ असे करीत १५३पर्यंतचे सतराच उमेदवार तपासावयाचे. प्रत्येकाची वजाबाकी करून अंक मोजले असता सोळा बाद होतात आणि एक टिकतो: १२३४५६७८९८७६५४२४०. याच्या अंकांची बेरीज ८१, आणि त्यात ८१ मिळविले की आपली संख्या. जननी एकच, आणि तिच्या अंकांची बेरीज लेकीच्या अंकांच्या बेरजेइतकीच. वाचकाने ही रुजवात स्वतः घालून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यात आनंद पुष्कळ आहे.

आता परार्धाचे स्थान भरावयाचे वचन पुरे करतो. आपल्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ने, भागण्याऐवजी गुणावे. नऊ एकांच्या वर्गास नवाच्या वर्गाने गुणिले म्हणजे नऊ नवांचा वर्ग झाला, आणि तो आहे ९९९९९९९९८००००००००१. अठरा अंक, परार्धापर्यंत भरगच्च. याचे मधोमध दोन भाग करा: ९९९९९९९९८ आणि ००००००००१. दोहोंची बेरीज ९९९९९९९९९, म्हणजे ज्याचा वर्ग केला तीच संख्या परत आली. ज्यांना जग आज कापरेकर संख्या म्हणते त्यांचे लक्षण हेच: ४५चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ म्हणजे ४५, ७०३चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. (आपल्या संख्येचे विभाजक ४५ होते, आणि ४५ ही कापरेकर संख्या आहे, हा मात्र निव्वळ योगायोग, त्यास यापलीकडे अर्थ नाही.) एका देवळालीकर शिक्षकाने वेगवेगळ्या वेळी उभारलेली ही कुळे एका संख्येच्या अंगणात अशी एकत्र येतात.

याविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रामानुजनांचे सहकारी जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या आयुष्याची जणू कैफियतच मांडणारे जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी अंकांच्या असल्या नवलांची संभावना कठोर शब्दांत केली. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, हे खरे. पण त्यात गणितज्ञाने मोहित व्हावे असे काही नाही, कारण त्यांच्या सिद्धता ना अवघड ना उद्बोधक, आणि त्यांतून व्यापक असे काही निष्पन्न होत नाही, असा त्यांचा निवाडा होता. हा निवाडा निम्मा खरा आहे. ज्या गुणधर्माचा आधार केवळ दशमान लेखनपद्धती हाच आहे, तो संख्येच्या स्वभावाविषयी फारसे सांगत नाही. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे सत्य आपण दहा बोटांनी मोजा वा आठांनी, अबाधित राहते, पण अंकांची चढ-उतार ही लेखनपद्धतीबरोबर बदलते. येथवर हार्डींशी माझे दुमत नाही.

परंतु डेम्लो संख्यांस हा निवाडा सरसकट लागू करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग करा, तेथेही १२३४५६७६५४३२१ हाच सोपान उभा राहतो. त्रिमान पद्धतीत दोन एकांचा वर्ग १२१ येतो. कोणत्याही मानात, त्या मानाहून एक कमी इतके एक घेतले की सोपान पूर्ण होतो. म्हणजे हा दहा या आकड्याचा लहरीपणा नव्हे. त्याच्या मुळाशी बीजगणितातील एक समता आहे: क्ष या अक्षराच्या शून्याव्या घातापासून आठव्या घातापर्यंत नऊ पदांची बेरीज घेऊन तिचा वर्ग केला, तर येणाऱ्या बहुपदीचे सहगुणक एकापासून नवापर्यंत चढतात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात. क्षच्या जागी दहा घाला, आपली संख्या मिळते. क्षच्या जागी एक घाला; डावीकडे नवाचा वर्ग, उजवीकडे सर्व सहगुणकांची बेरीज; म्हणून अंकांची बेरीज ८१च यावी लागते. क्षच्या जागी उणे एक घाला. नऊ पदांपैकी आठ परस्परांत नष्ट होऊन एक उरतो, त्याचा वर्ग एक. म्हणून आपल्या संख्येतील विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज ४१ आणि सम स्थानांवरच्या अंकांची ४० येते, दोहोंत अंतर एकाचेच, आणि अकराने भागिले असता बाकी एक राहते. क्षच्या जागी शंभर घाला. प्रत्येक सहगुणकास दोन घरे मिळतात, आणि मग नवापाशी थांबण्याचे कारणच न उरून सोपान नव्याण्णवपर्यंत बिनदिक्कत चढू शकतो. जी गोष्ट निरनिराळ्या मानांत टिकते, फाशांच्या हिशेबात तशीच उतरते आणि एका समतेतून इतकी फळे देते, तीस निष्फळ म्हणणे न्यायाचे होणार नाही.

या संख्येचा एक अगदी आधुनिक उपयोगही सांगण्यासारखा आहे. संगणकावरील हिशेबाच्या कोष्टकात नऊ एकांचा वर्ग करावयास सांगितला तर १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर पुढे येते, कारण ती कोष्टके पंधराच अंक ग्राह्य धरतात आणि उरलेल्या घरांत शून्ये भरतात. अनेक संगणकभाषांत साध्या रीतीने हाच गुणाकार केला तर उत्तराचा शेवटचा अंक एकाऐवजी शून्य येतो. कारण तेथे संख्या साठविण्यास जी जागा नेमून दिलेली असते तीत दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२पर्यंतच, प्रत्येक पूर्णांक बिनचूक मावतो, आणि त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यात फक्त सम संख्यांस स्थान मिळते. आपली संख्या त्या सीमेच्या थोडी पलीकडे पडते आणि विषम आहे. म्हणून तिचा शेवटचा एक गळून जातो. चौकटीच्या वहीत मात्र तो जागच्या जागी असतो. पवईस तंत्रज्ञानाचे किंवा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात गणिताचे धडे घेणाऱ्या आमच्या उपनगरांतील तरुणांनी आपल्या यंत्राची परीक्षा पाहावयाची असेल तर याहून सुलभ कसोटी मला तरी ठाऊक नाही: चूक झाली तर ती नुसत्या नजरेने दिसते.

राहता राहिला प्रश्न नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्यांच्या मूळत्वाचा. एकांची गणती जर संयुक्त असेल, जशी आपल्या संख्येच्या वर्गमुळात नऊ म्हणजे तीन त्रिक आहे, तर संख्येचेही गट पडतात आणि ती मूळ असू शकत नाही. गणती मूळ असली तरी भरवसा नसतो; १११ला ३७ने भाग जातो, पाच एकांना ४१ने, सात एकांना २३९ने. दोन एक, एकोणीस एक, तेवीस एक, मग एकदम ३१७ एक, आणि त्यानंतर १०३१ एक, अशा फार दूरदूरच्या स्थानी मूळ संख्या आढळतात. यांपैकी १०३१ एकांच्या संख्येचे मूळत्व ह्यू विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ साली सिद्ध केले, ज्या साली कापरेकर निवर्तले. एकोणीस एकांपर्यंत पोहोचेतो हातच्यांनी सोपान केव्हाच मोडलेला असतो. त्यामुळे कापरेकरांच्या नऊ अद्भुत संख्यांपैकी जिचे वर्गमूळ मूळ संख्या आहे अशी एकटी १२१ आहे. तिला विभाजक तीनच: १, ११ आणि १२१, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या थोरलीला पंचेचाळीस.